डावीकडे बघणारं सैन्य

८ जानेवारी

ही वही राग काढण्यासाठी आणली आहे. तोंडाने भांडायला गेले की मला रडू फुटतं आणि समोरचा आपोआप जिंकतो. तेव्हा यापुढे भांडणं लिहून करायची. दुकानाच्या मालकाला तोंडावर मी ‘तुम्ही’ म्हणते. इथे म्हणणार नाही.

आमचं दुकान खेळांचं. पुढच्या भागात पत्ते, सोंगट्या, कोडी. मागच्या खोलीत लांबलचक टेबलं, आणि त्यांवर खोटे डोंगर, पडके बुरूज मांडून रविवारी चांगली मोठी माणसं लढाया खेळतात. ज्याचं त्याचं सैन्य वेगळं. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, राक्षस, घोडे. ते करड्या प्लास्टिकचे, सुट्या तुकड्यांत मिळतात. जोडायचे आणि रंगवायचे आपले आपण.

काउंटरमागच्या काचेच्या कपाटात चार राक्षस उभे आहेत. ते मी रंगवले आहेत. आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, “हे कुणी केलं हो? झकास आहेत.” मालक म्हणाला, “आमच्याकडेच होतं ते काम.”

आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? भिंतीने रंगवले? मी तिथेच फडकं घेऊन उभी होते!

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आई हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे. माझा विषय समाजशास्त्र. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प होता, शिवलेल्या कपड्यावर शिवणाऱ्याचं नाव का नसतं. त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. आणि आता मीच काउंटरवर बिननावाची. तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकासमोर डोळे भरून येतील म्हणून गप्प बसले.

११ जानेवारी

मालकाला बहुधा माझा चेहरा वाचता येतो. आज त्याने मला मागच्या खोलीत बोलावलं. आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर खेळायला येतात. त्यांना एप्रिलच्या मेळाव्यासाठी अख्खं सैन्य रंगवून हवं आहे. पाणथळीचे लोक म्हणून एक सैन्य असतं. चिखलाचं चिलखत घातलेले भालेवाले, बेडकांवर बसलेले स्वार, आणि एका उंच बगळ्यावर राणी. शंभराच्या वर नग.

मी म्हटलं, नाव कुणाचं?

“अगं, मेळाव्याला हे सैनिक बनवणाऱ्या कंपनीच्या परीक्षकबाई येणार आहेत,” मालक म्हणाला. “चांगला रंगारी दिसला की त्या उचलतात. बॉक्सवर जे चित्र असतं ना, त्यातले सैनिक त्यांच्याकडचे लोक रंगवतात आणि खाली नाव छापतात. मी स्वतः सांगेन त्यांना तुझं नाव.”

बॉक्सखालचं ते नाव मी कितीदा वाचलं आहे. कोणीतरी, कुठेतरी, ब्रश घेऊन बसलेलं माणूस, आणि त्याचं नाव जगभरच्या दुकानांत पोचलेलं. मला ते हवं आहे. दुसरं काही नको. मी हो म्हणून बसले.

२३ जानेवारी

घरात आता पाय ठेवायला जागा नाही. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग सैन्याचा. आधी एकेक तुकडा प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचा, साच्याची रेघ ब्लेडने खरवडायची, चिकटवायचं, मग बाल्कनीत नेऊन, वरचा रंग नीट धरावा म्हणून, अस्तराचा फवारा मारायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, वास येतो. मी म्हटलं, तुमच्या फोडणीचा येतो तो? मग आईने मला काकूंची माफी मागायला लावली. माफी मागताना रडले. म्हणजे तिथेही हरले.

खरवडायचं काम आत्या करते. बाबांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, बल्बच्या कारखान्यात खोकी भरायची, गुडघे गेले तशी घरी बसली. तिला बसून काहीतरी चाळा हवाच असतो. टीव्ही बघत बघत खरवडते. पण तोंड काही स्वस्थ नाही.

“ग्रॅज्युएट बाई, हा तुमचा भालेवाला लंगडा आहे बघा.”

“तो चालतोय, आत्या. एक पाय पुढे आहे.”

“मग हा आणि मी, दोघं एकाच पायाने चालतो म्हणायचं.”

२ फेब्रुवारी

डोळे!

चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. त्यात पांढऱ्याची रेघ, आणि तिच्यात काळा ठिपका. ठिपका जरा मोठा झाला की सैनिक दचकलेला दिसतो, दोन ठिपके दोन दिशांना गेले की खुळा. मी आज सकाळपासून एक रांग केली आणि ती सगळी रांग भूत पाहिल्यासारखी दिसते आहे. तिसऱ्यांदा पुसली. रंगाचे थर चढून एकाच्या तर नाकाचा पत्ता नाही. मी ब्रश फेकला. तो बाबांच्या चहात पडला. बाबांनी बोटाने काढून बाजूला ठेवला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. ते काही बोलले नाहीत याचाच जास्त राग आला.

मग आत्याने चष्मा काढून कपाळावर ठेवला. तिचा नंबर भयंकर आहे, काचा पेल्याच्या बुडासारख्या. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस ओळखू येत नाही. पण सैनिक नाकाला टेकेल एवढा जवळ धरून ती म्हणाली, “अगं, याला मिशी कोरलेली आहे. तू वरून रंग फासलास.”

मला भिंगातूनही दिसली नव्हती ती मिशी.

बिघडलेला एक सैनिक तिला दिला, म्हटलं कर काय करायचं ते. बारीक ब्रश कसा धरायचा, रंग किती पातळ करायचा, मी दाखवलं. तिने श्वास रोखला आणि दोन टिचक्या मारल्यासारखे दोन ठिपके दिले. तो सैनिक बघायला लागला. खरंच, बघायला लागला.

एकदा नीट दाखवलं की कुणालाही जमतं. मी उगाच घाबरत होते. आता डोळ्यांची मदत ती करेल, म्हणजे मला मुख्य कामाला वेळ मिळेल.

१२ फेब्रुवारी

आज आत्याशी कडाक्याचं भांडण. तिने केलेली पहिली पूर्ण रांग बघितली. सगळ्यांचे डोळे डावीकडे! एकही पुढे बघत नाही.

“आत्या, शत्रू समोर आहे! हे सगळे बाजूला काय बघतायत?”

“शेजाऱ्याकडे.”

“का?”

“लढाईत शत्रूकडे कोण बघतंय गं? जो तो शेजारचा पळाला की काय ते बघतो. तो उभा असला तर आपण उभं राहायचं. कारखान्यात संप झाला तेव्हा मी काय मालकाच्या गाडीकडे बघत होते? शेजारणीकडे बघत होते.”

मी कपाळावर हात मारला. प्राचीन पाणथळीचं सैन्य आणि हिचा बल्बचा कारखाना! पण पुसून पुन्हा करायला वेळ नाही. डावीकडे तर डावीकडे. लांबून कुणाला कळतंय.

१९ फेब्रुवारी

सर्वनाश. सगळे बेडूकस्वार पांढरे पडले.

शेवटी वार्निशचा फवारा मारायचा असतो, म्हणजे हाताळताना रंग उडत नाही. मारला, आणि बघता बघता सगळ्यांवर पिठूळ धूर बसला. हिरवे गेले, तांबडे गेले. दोन आठवड्यांचं काम. आत्याने त्याच बाल्कनीत ओले कपडे वाळत घातले होते. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, तुला या कामाची किंमत नाही, तुझ्यासाठी हा नुसता चाळा आहे. ती एकेक कपडा काढून आत घेऊन गेली.

दुकानात मालकाला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, दमट हवेत फवारा मारूच नये, डब्यावर लिहिलेलं असतं. चकचकीत वार्निशचा एक हात दे, बरेचसे परत येतील. तसे आले.

डब्यावर लिहिलं आहे खरं. पण अक्षरं इतकी बारीक का छापतात? माणसांनी वाचावं अशी इच्छाच नसते यांची!

२१ मार्च

संपलं. शेवटी बगळ्यावरची राणी. तिचे पंख मी आठ दिवस करत होते. निळ्यातून करडा, करड्यातून पांढरा. सगळं टेबलावर मांडलं. आई हॉटेलातून आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि उभी राहिली. म्हणाली, “अगं बाई, हे तर आत्ता काहीतरी बोलतील.”

आत्याने एकेकाला नाकाशी धरून निरोप दिला. तिने त्यांना नावं दिली आहेत. सुपरवायझर, सर्दीवाला, जावई. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

२८ मार्च

मला लुबाडलं आहे. दुसरा शब्द नाही.

मेळाव्याची नियमावली दुकानाच्या दारावर लागली. मी चिकटवली, मीच! चिकटवता चिकटवता वाचली. उत्तम रंगकामाचं बक्षीस, खेळाडूने स्वतः रंगवलेल्या सैन्यालाच. डॉक्टरांचं नाव त्या बक्षिसासाठी आधीच दिलेलं आहे.

मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, “सगळेच करतात गं. आणि दातांचे डॉक्टर म्हटल्यावर कोण शंका घेणार? हात स्थिर असतोच त्यांचा.”

“तुम्ही माझं नाव सांगणार होतात.”

“सांगेन की. नंतर. एकदा बक्षीस लागू दे, मग सांगू की आमच्याकडे अशी मुलगी आहे.”

आमच्याकडे! परत आमच्याकडे!

तेवढ्यात डॉक्टर स्वतःच सैन्य न्यायला आले. किती गोड बोलतात, भूल देऊन दात काढल्यासारखं. “तुला मोबदला व्यवस्थित मिळाला ना? मग? माझ्या कवळ्या तंत्रज्ञ बनवतो. पेशंट त्याचं नाव विचारतो का?” मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय, ढीगभर सुचतंय. तेव्हा मात्र रडले. डॉक्टरांनी मला कागदी रुमाल दिला, खिशातून काढून. तो मी घेतला, हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

घरी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, “लिफ्टमध्ये माझं नाव असतं का कुठे? वर गेली, खाली आली, झालं.”

“असं म्हणून म्हणूनच तुम्हाला कोणी विचारत नाही, बाबा! जो हाताने काम करतो त्याचं नाव कामावर हवं. काम करणाऱ्याला अदृश्य करणं ही चोरी आहे. मदत, मोबदला, आमच्याकडे, हे सगळे चोरीचे सभ्य शब्द आहेत.”

आई म्हणाली, “घास घे आधी.”

फक्त आत्या माझ्या बाजूने. “मी म्हणते, भांड. मेळाव्यात जाऊन सगळ्यांसमोर भांड. मीपण येते. आपली माणसं मला एकदा नीट मांडलेली बघायची आहेत.”

१२ एप्रिल

जिंकले! आल्या आल्या लिहायला बसले.

मेळावा एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होता. टेबलांच्या रांगा, आणि घामाचा आणि खेळाडूंच्या बढायांचा वास. आत्या पाण्याची बाटली आणि पिशवी सांभाळत माझ्या मागे. डॉक्टरांचं टेबल मधोमध. माझं सैन्य असं मांडलं होतं की माणसं वाकून वाकून बघत होती. डॉक्टर सांगत होते, पंखांनी फार वेळ घेतला हो, क्लिनिक सांभाळून करायचं म्हणजे. पंख! माझे पंख!

परीक्षकबाई आल्या. केस बारीक कापलेले, बोटांना रंग. त्यांनी पंख बघितले, बेडूक बघितले, आणि मग भालेवाल्यांसमोर गुडघ्यांवर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “हे सगळे डावीकडे का बघतायत?”

डॉक्टर गडबडले. म्हणाले, “हाताची सवय. माझा ब्रश तसा वळतो.”

मी ओरडले. रडले नाही! ओरडले. “खोटं आहे! यांनी ब्रश हातात धरलेला नाही. हे सैन्य मी रंगवलं आहे.”

 मालक माझा दंड धरायला आला, मी झटकला. परीक्षकबाईंनी शांतपणे मला तोच प्रश्न विचारला. “मग तू सांग. हे डावीकडे का बघतायत?”

आणि ऐनवेळी मला सुचलं. मी म्हटलं, “लढाईत शत्रूकडे कोणी बघत नाही. जो तो शेजारचा पळाला की काय ते बघतो. तो उभा असला तर आपण उभं राहायचं.”

कोणीतरी टाळी वाजवली. परीक्षकबाई उठल्या, म्हणाल्या, “असं उत्तर रंगवणाऱ्यालाच देता येतं.” डॉक्टरांचं नाव बक्षिसातून काढलं. त्यांनी सैन्य खोक्यात भरलं, कान लाल करून.

जाता जाता परीक्षकबाईंनी विचारलं, “आणि हा रांगेच्या डाव्या टोकाचा? याचे डोळे मिटलेले का?” मी बघितलं. खरंच मिटलेले होते. म्हटलं, राहून गेले असतील. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग पिशवीतून एक करडा सैनिक काढून माझ्या हातावर ठेवला. “हा एकटीने रंगवून पाठव. असाच. आवडला तर तुला बोलावून घेऊ, आणि बॉक्सखाली तुझं नाव.”

आत्या तोंड उघडं टाकून बघत राहिली होती. तिला माझा किती अभिमान वाटला असेल! परत येताना गप्प होती. पिशवी मी घेते म्हटलं तरी दिली नाही. उभं राहून गुडघे दुखले असणार.

२० एप्रिल

नव्या सैनिकाचं अंग झालं. चिलखत, केस, हाताच्या शिरासुद्धा. फक्त डोळे राहिलेत. आत्याला म्हटलं, चल, दोन ठिपके दे.

ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, “तुला कळतंच की कोण कुणाकडे बघतं ते. सांगितलंस ना भर सभेत.”

“अगं, मदत मागतेय.”

“माझ्यासाठी नुसता चाळा आहे तो.”

तिने चष्मा पक्का नाकावर बसवला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. कसली मालिका होती, दोन बायका एकमेकींना विष पाजत होत्या. मी तिला मेळाव्याला नेलं, ब्रश माझे, रंग माझे, शिकवलं मी. आणि आता माझं आयुष्य घडायची वेळ आली तर ही फुगून बसली आहे. आपल्याच घरची माणसं मागे खेचतात हे आम्ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. तेव्हा मला पटलं नव्हतं.

नको तर नको. मी करते.

४ मे

केले. पुसले. केले. पुसले. शेवटचे बरे आलेत. दोन्ही ठिपके एका रेषेत, मधोमध. समोर बघतोय. समोर बघणं हेच नैसर्गिक आहे. पाठवून दिला.

१४ मे

परीक्षकबाईंचा फोन आला. मी दुकानाबाहेर पायरीवर येऊन घेतला.

“अंग तुझंच आहे, मी ओळखलं,” त्या म्हणाल्या. “डोळे मात्र त्या हाताचे नाहीत. ते कुणाचे होते?”

मी म्हटलं, माझेच. त्या दिवसांत हात बरा चालत होता.

“तो टोकाचा माणूस. त्याचे डोळे राहून गेले म्हणालीस. ते राहिले नव्हते. पापणी रंगवलेली होती, तिच्या कडेला सावली दिलेली होती. हे रंगवणाऱ्याला माहीत असतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुझ्या शब्दावर मी एका माणसाला बाहेर काढलं, लक्षात आहे ना?” आणि फोन ठेवला.

मला त्या डॉक्टरच्या पंगतीला बसवलं! मला! काही साम्य तरी आहे का? तो पैसेवाला, तो बाहेरचा, त्याने ब्रश धरला नाही. मी रात्रंदिवस खपले. आणि आत्या घरची आहे. तिने मदत केली ती आपलेपणाने केली. घरच्या माणसांत कुणी हिशेब मांडतं? तिला मोबदला

इथे थांबले होते. हे वाक्य कसं पुरं करायचं ते सुचत नाही. जाऊ दे.

१६ मे

आज दुकानात डॉक्टर आले. मेळाव्यानंतर पहिल्यांदा. मालक त्यांना बघून मागच्या खोलीत पळाला. बाकीचे खेळाडू सोंगट्या चाळत कान टवकारून उभे. डॉक्टरांनी एकच सैनिक घेतला आणि एक बारीक ब्रश.

“या वेळी मीच रंगवणार आहे,” म्हणाले. मी पैसे घेतले. ते जाईनात. “एक सांगू? तू ओरडलीस तोवर मला खरंच वाटत होतं की ते माझंच काम आहे. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. रोज कपाटात बघायचो, वाटायचं, काय सुंदर केलंय मी.”

मी गल्ला उघडला आणि पुन्हा बंद केला.

“डोळे तेवढे शिकवशील का? बाकी जमेल. पण तसे डोळे—”

“मला येत नाहीत!” मी इतक्या जोरात बोलले की मालक बाहेर आला. “मला येत नाहीत डोळे! ते माझ्या आत्याने केलेत. सगळ्या सैन्याचे. ते वाक्यही तिचंच. घरी बसलेली असते ती, टीव्हीसमोर. जा विचारायला, शिकवते का बघा!”

 मी काउंटरखाली वाकले. काही पडलं नव्हतं, तरी वाकून शोधत राहिले. वर आले तेव्हा डॉक्टर कागदी रुमाल पुढे धरून उभे होते. “ठेवा तुमच्याकडे,” मी म्हटलं. “मी येईन शिकायला,” म्हणत त्यांनी तो खिशात घातला.

संध्याकाळी घरी आले. सगळा रस्ता मी स्वतःवर, आत्यावर, त्या बाईंवर आलटून पालटून चिडत होते. आत्या भाजी निवडत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, “त्या टोकाच्याचे डोळे तू का मिटलेस?”

तिने वर न बघता सांगितलं, “त्याच्या शेजारी कोण होतं?”

“कोणी नाही.”

“मग त्याने कुणाकडे बघायचं होतं?”

मी तिथेच जमिनीवर बसले. दुकानात काय झालं ते सांगितलं. ती निवडत राहिली. शेवटी म्हणाली, “दातवाला काय म्हणाला?”

“शिकायला येईल म्हणाला.”

“येऊ दे. गुडघ्याला काही देता येतं का विचारते त्याला.”

“तो दातांचा आहे, आत्या.”

“डॉक्टर तर आहे ना?”

१८ मे

परीक्षकबाईंना मीच फोन केला. सांगितलं, डोळे आत्याचे आहेत, उत्तर आत्याचं आहे, मी खोटं बोलले. त्या हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, दोघींचं मिळून एकदा पाठवून बघा, वचन काही देत नाही. “पण एक सांगून ठेवते. बॉक्सखाली एकच नाव छापायची पद्धत आहे. तेवढीच जागा असते.”

माझं डोकं फिरलं. “मग अक्षर लहान करा!” मी म्हटलं. “आम्ही मुगाच्या दाण्यात दोन डोळे बसवतो. तुम्हाला एवढ्या मोठ्या बॉक्सखाली दोन नावं बसवता येत नाहीत?”

त्या हसल्या की फोन खरखरला, कळलं नाही. मी मुळीच हसत नव्हते.

मी पाठवलेला सैनिक परीक्षकबाईंनी परत पाठवला होता; त्याचे डोळे पुसले आणि आत्याला म्हटलं, चल. तिने सैनिक हातात घेतला, उलटापालटा केला. “एकटाच पाठवणार आहेस याला? मग मी याचे डोळे मिटलेलेच करणार. दोन आण.”

दुकानातून दुसरा आणला. आज त्याचं चिलखत करायला घेतलं. ती पहिल्याचे डोळे करायला बसली, चष्मा कपाळावर, सैनिक नाकाला टेकलेला. मी नेहमीसारखी टेबलाच्या पलीकडे जायला लागले तर म्हणाली, “समोर नको. इकडे, शेजारी बस.”

बसले. एक ठिपका दिला की ती मान उचलून माझ्याकडे बघायची. मग दुसरा. चष्म्याशिवाय तिला माझा चेहरा दिसत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी दर वेळी बघत होती.